अडलेला घास

माझ्या दुकानात येणारा माणूस खोटं बोलतो, हे मी धरूनच चालतो. कामरगावात माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. जळालेली मोटार घेऊन येणारा गडी कधीच सांगत नाही की ती पाण्याविना कोरडी चालली, किंवा विजेची एक फेज गेलेली असताना त्याने हट्टाने बटण दाबलं. "काईच केलं नाई भाऊ, आपल्या आपण जळली," एवढंच त्याचं म्हणणं. मग मी मोटार खोलतो, तांब्याची तार बघतो, जळक्याचा वास घेतो आणि काय झालं ते मोटारीलाच विचारतो. सारी हयात असं करण्यात गेल्यामुळे माणसाच्या शब्दावरून माझा विश्वास उडाला तो उडालाच. देवाच्या बाबतीतही फार वेगळं नव्हतं. देवळात मी हात जोडायचो, पण एक डोळा बाहेर काढलेल्या चपलांवर असायचा. अशा माणसाने आध्यात्मिक अनुभव लिहायला बसावं, हे गावातल्या कोणालाच खरं वाटणार नाही. माझंही मन अजून मागेपुढे होतं. तरी घडलं ते घडलं तसं लिहून ठेवतो, त्याला काय नाव द्यायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

माझ्या बायकोला धाप लागू लागली तेव्हा पहिली शंका मी तिच्यावरच घेतली. आधी गच्चीवर वड्या वाळत घालायला जाताना तिला मधल्या पायरीवर थांबावं लागे, मग अंगणात सडा टाकताना, मग नुसतं बोलतानाही. पाय सुजायचे. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून उशा रचून त्यांना टेकून झोपायची. मी म्हणायचो, वय झालं, कामाचा कंटाळा आला असेल. शेवटी आमची पोरगी अकोल्याहून, सासरहून आली, आईचे पाय बघून माझ्यावर खेकसली आणि तिला गाडीत घालून वाशीमला घेऊन गेली. मीही मागोमाग गेलो. तिथे डॉक्टरांनी छातीवर गार मलम लावून सोनोग्राफीसारखं यंत्र फिरवलं आणि सांगितलं, हृदयातली एक झडप नीट मिटत नाही. पुढे जायचं रक्त दर ठोक्याला मागे फुफ्फुसाकडे परत येतं.

हे मात्र मला एका झटक्यात समजलं. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या बुडाशी फुटव्हॉल्व्ह असतो. तो गळायला लागला की वर चढलेलं पाणी परत विहिरीत उतरतं आणि मोटार रिकामी ओरडत राहते. माझ्या बायकोचं हृदय असं रिकामं ओरडत होतं. तेव्हा मला तिची पहिल्यांदा भीती वाटली, म्हणजे तिच्यासाठी वाटली. डॉक्टर पुढे म्हणाले की हृदय थकलंय, रक्त कमी आहे, किडन्याही दमल्यात, छाती उघडून ऑपरेशन तिला झेपणार नाही. पण नागपूरला आता छाती न उघडता हे काम करतात. मांडीच्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयात नेतात आणि झडपेच्या दोन पाकळ्या मधोमध एका चिमट्याने धरून टाकतात. एवढी एकच वाट उरली आहे, नाहीतर गोळ्यांवर जितके दिवस निघतील तितके.

इथे माझा संशय उठून बसला. फुटव्हॉल्व्ह बदलायचा तर अख्खा पाइप विहिरीतून वर ओढावा लागतो, चार माणसं लागतात. जी वस्तू खोललीच नाही ती दुरुस्त झाली असं कोणी सांगितलं तर मी त्याला दुकानातून हाकलून देईन. मी विचारलं, आत अंधार, रक्त वाहतंय, हृदय उडतंय, तुम्हाला दिसणार कसं? ते म्हणाले, सोनोग्राफीवर. अन्ननलिका हृदयाला अगदी चिकटून मागून जाते. बोटाएवढी जाड नळी तोंडातून अन्ननलिकेत उतरवतात, तिच्या टोकाला ते यंत्र असतं, आणि त्या चित्राकडे बघत बघत चिमटा बसवतात. मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हणजे चोर एका दारातून आत जाणार आणि राखणदार दुसऱ्या दारातून. कोणावर भरवसा ठेवायचा?

पैशांची सोय कशी झाली तो वेगळा विषय, तो इथे नको. निघण्याआधीच्या गुरुवारी बायकोच्या हट्टापायी कारंज्याला दत्तमहाराजांच्या दर्शनाला गेलो. तिथून दोन दिवसांनी नागपूर. मोठा दवाखाना, काचेची दारं, सगळीकडे गार हवा. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला ठरलेल्या वेळेतच सोडत. पोरीचं बाळ अंगावर पिणारं, तिला राहणं शक्य नव्हतं. त्यामुळे बाकीचा सगळा वेळ बायको आत एकटी आणि मी बाहेरच्या बाकड्यावर. दाखल करताना एका तरुण डॉक्टराने भराभर प्रश्न विचारले. साखर आहे का, दात पक्के आहेत का, गिळायला त्रास होतो का. तो विचारत होता तिला आणि उत्तरं देत होतो मी. "काही नाही, सगळं खाते ती," असं मी सांगितलं. ती पदराच्या टोकाला पीळ घालत बसली होती.

दुसऱ्या दिवशी भेटीला गेलो तर तिच्या खाटेवर एक परकी बाई मांडी घालून बसलेली. ठेंगणी, काळी ओढणी, तोंडात सुपारी, हातात स्टीलचा डबा. ती मंगरूळपीरची शकीलाबी. शेजारच्या खाटेवर तिची नणंद होती. मला बघून उठली, "या भाऊ, भाभी तुमचीच वाट पाहून राह्यली व्हती," असं म्हणाली आणि माझ्या बायकोच्या मनगटावरून हात फिरवून गेली. मनगटात सोन्याच्या पाटल्या होत्या. मी त्या तिथल्या तिथे उतरवून खिशात घातल्या. इथे एक सांगून ठेवतो, जातधर्म बघून मी शंका घेत नाही. त्या बाबतीत माझ्या लेखी सगळे सारखेच. मंगरूळपीरची बाई नागपूरच्या दवाखान्यात माझ्या बायकोला डबा का खाऊ घालते? हिला दुसऱ्या कुठल्या दवाखान्याने गिऱ्हाईक पळवायला तर बसवलं नाही? नावगाव, शेती, पोरंबाळं, सगळं इतकं खोदून का विचारते? मी वॉर्डाच्या दारातल्या शिपायाला विचारलं, नर्सला विचारलं, तिच्या नणंदेचा आजारसुद्धा विचारून घेतला. उत्तरं सगळी सरळ आली, आणि त्यामुळेच मला जास्त संशय आला.

तो दिवस मावळायच्या सुमारास शकीलाबी माझ्या बाकड्यापाशी आली. दुसऱ्या सकाळी ती जाडी नळी पहिल्यांदा उतरवून झडप नीट बघायची होती, चिमटा त्यानंतर. ती म्हणाली, "भाऊ, भाभीच्या गळ्यात घास अटकते. डॉक्टरले सांगतलं काय?"

"काई अटकत नाई," मी म्हणालो. "तिले सगळं चालते. तुमी तुमच्या नणंदेकडं पाहा."

ती रागावली नाही. तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली, एवढंच. "मी संग जेवली नं तिच्या," असं म्हणून ती आत गेली, आणि मला वाटलं चला, पीडा गेली.

सकाळी नर्सने येऊन सांगितलं की तपासणी रद्द झाली आहे. माझं डोकंच फिरलं. आता नवीन काहीतरी काढतील, आणखी चार तपासण्या लावतील, असं मनात घोळवत मी सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरलो. त्या वयाने माझ्या पोरीएवढ्या. मी काय बोलायचं ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला एकच प्रश्न विचारला. "घरी या कशा जेवतात, काका? भाकरी कोरडी खातात की कालवून?"

मला माहीत नव्हतं. जिच्या हातचं मी आयुष्यभर जेवलो ती कशी जेवते हे मला माहीत नव्हतं, कारण मी ते कधी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे बाई शेवटी जेवते. आधी घरातले पुरुष, मग पोरंसोरं, आलागेला, मग भांडी आवरून ती चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसते. तोवर आम्ही ओसरीवर आडवे झालेले असतो. माझ्या आईलाही जेवताना पाहिल्याचं मला आठवत नाही. यात कोणी कोणावर जुलूम करतंय असं आम्हाला वाटत नाही, ती घराची रीत असते. आणि शकीलाबीच्या घरची रीत अशी की बायका एका मोठ्या ताटाभोवती बसून जेवतात. वॉर्डात तिने डबा उघडला, ताट मधे ठेवलं आणि माझ्या बायकोला ओढून बसवलं. तेव्हा तिला दिसलं की ही बाई घास तोंडात घोळवत बसते, दर घासाला पाणी घेते, मान पुढे काढून गिळते, आणि भाकरीचा पापुद्रा तेवढा काढून बाजूला ठेवते. मी ऐकलं नाही म्हणून तिने ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं. असं गिळणं वर्षानुवर्षं चाललं असणार. आमच्या घरी ती सगळं वरणात भिजवून, कुस्करून, पातळ करून खायची, आणि त्याला साक्षीदार फक्त भिंत होती.

बारीक दुर्बिणीने गळा तपासला तेव्हा अन्ननलिकेच्या सुरुवातीलाच एक पातळ पडदा सापडला, कोळ्याच्या जाळ्यासारखा आडवा आलेला. रक्त कमी असलेल्या बायकांना असा येतो म्हणे. कॅन्सर नव्हता, तो इलाज होण्यासारखा पडदा होता. पण डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं की ती जाडी नळी आंधळेपणाने खाली ढकलली गेली असती तर काय होऊ शकलं असतं. अन्ननलिका फाटली असती तर अशा थकल्या जिवाला तिथून परत आणणं अवघड होतं. त्या हे शांतपणे सांगत होत्या आणि मी त्या चित्रातल्या पेन्सिलीच्या रेघेकडे बघत होतो. मी ज्या चोरीला भीत होतो ती माझ्या खिशातल्या पाटल्यांची होती. खरा धोका माझ्याच उत्तरातून आत शिरला होता.

पडदा सैल करून वाट मोठी केली, शिरेतून लोहाची औषधं दिली आणि घरी पाठवलं. काही आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. राहून गेलेली नळीची तपासणी नीट पार पडली आणि चिमटा बसवायचा दिवस आला. तोवर शकीलाबी तिच्या नणंदेला घेऊन गावी गेली होती. काचेच्या दारापलीकडे बायकोला नेलं आणि दार मिटलं. मला आत बघता येत नव्हतं, कोणाला विचारता येत नव्हतं, काही खोलून तपासता येत नव्हतं. सारखं वाटायचं, उठावं, दारावर थाप मारावी, एकदा सोनोग्राफीच्या पडद्यावरचं चित्र बघू द्या म्हणावं. पण बघून मला काय कळणार होतं? माझी नजर किती चालते ते मला एव्हाना समजलं होतं. घरातल्या घरात ती आंधळी ठरली होती. मी बाकड्यावर चपला काढल्या, मांडी घातली आणि म्हणालो, महाराज, माझं काही चालत नाही. तुम्ही बघा. एवढंच म्हणालो, याहून चांगले शब्द सुचले नाहीत. उठलो तेव्हा चपला तिथेच होत्या की नाही हे मी पाहिलं नाही, तसाच अनवाणी दारापर्यंत धावलो, कारण डॉक्टरीणबाई बाहेर येत होत्या आणि हसत होत्या.

त्यांनी मला आधीचं आणि नंतरचं चित्र दाखवलं. आधीच्यात दर ठोक्याला रंगांचा झोत उलटा उसळत होता. नंतरच्यात झडपेच्या दोन पाकळ्या मधोमध धरलेल्या, आणि तो झोत चुळकाभर उरलेला. आणि खोटं कशाला सांगू, पहिला विचार माझ्या मनात आला तो हा, की ही चित्रफीत दुसऱ्या कोणाची तर नाही? स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरं आहे. पण दोन दिवसांनी मी वॉर्डात गेलो तेव्हा ती सपाट खाटेवर, एका उशीवर, उताणी झोपली होती. छाती संथ वरखाली होत होती. कित्येक महिन्यांत मी तिला आडवी झोपलेली पाहिली नव्हती. मग मी त्या फितीबद्दल कोणाला काही विचारलं नाही.

घरी आल्यावर थोडं स्थिरस्थावर झालं आणि मी एकटाच मंगरूळपीरला गेलो. आभार मानायला गेलो असं घरी सांगितलं. खरं म्हणजे चौकशी करायला गेलो होतो. शकीलाबी बाजारात बांगड्यांच्या दुकानात बसलेली सापडली. तिचा धंदाच तो, बायकांचे हात हातात घेऊन माप ओळखायचं, म्हणून वॉर्डात ती मनगट चाचपत होती. मी तिला खोदून खोदून विचारलं. तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? स्वप्न वगैरे? माझ्या बायकोजवळच कशा आल्या? ती हसायला लागली. तिच्या नणंदेची खाट आधी दुसऱ्या टोकाला होती, तिथल्या एसीतून अंगावर पाणी ठिबकायला लागलं म्हणून नर्सने खाट इकडे सरकवली. "मले कोण सांगनार भाऊ? ते एकटी जेवत व्हती, मले पाहवलं नाई. मंग घास उतरत नाई हे दिसलं. तुमी आयकलं नाई, मंग डॉक्टरनीले सांगतलं. याच्यात काय हाये एवढं?" मी जळकी मोटार तपासावी तसा एकेक जोड तपासला. सगळीकडे साधं कारण निघालं. कुठेच चमत्कार सापडला नाही.

परत येऊन हे सगळं मी बायकोला सांगितलं. एसीचं पाणी ठिबकलं म्हणून वाचलीस, असं म्हणालो. ती मेथी निवडत होती. ती थांबली आणि मला म्हणाली, "मले गळ्याचं पहिल्यापासून माहीत व्हतं. दवाखान्यात सांगाची हिंमत झाली नाई. तुमी म्हनले असते, आता हे काय नवं नाटक. आन् कॅन्सर निंघाला असता तं? कारंज्याले महाराजापुढं उभी राह्यली, तं म्हटलं, देवा, मले बोलता येत नाई. तूच सांग कोनाच्या तरी तोंडातून."

तिने बरं वाटावं म्हणून मागितलं नव्हतं, आयुष्य मागितलं नव्हतं. घरात जे ऐकायला कोणी नव्हतं तेवढंच देवाकडे ठेवून आली होती, आणि ते पाण्याच्या थेंबाथेंबाने, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेपर्यंत, एका ताटापर्यंत पोचलं. ह्याला काय म्हणायचं याची शंका माझ्या मनात आजही आहे आणि मी ती दाबत नाही. महाराजांना माझ्या शंकेचा त्रास होत असेल असं वाटत नाही. एवढं मात्र मला कळलं की शरण जाणं म्हणजे डोळे मिटणं नव्हे. आपण कुठे पाहत नाही हे कोणीतरी दाखवलं की तिकडे मान वळवायची, दाखवणारा कोण, कुठला, का आला, हे नंतर. महाराजांची ही कृपा, आणि शकीलाबीची, मी जन्मभर विसरणार नाही.

त्या दुपारी तिने माझं ताट वाढलं आणि चुलीकडे वळली. मी तिचं ताट आणून माझ्या समोर ठेवलं आणि बस म्हणालो. ती संकोचली, दाराकडे बघितलं, पदर सावरला आणि अंग चोरून बसली. ज्वारीची भाकरी होती, पिठलं होतं. मी हात लावला नाही.

"जेवा नं, गार होऊन राह्यलं," ती म्हणाली.

"तू आधी घे."

आमच्या घरात असं कोणी कधी बोललं नसावं. ती माझ्याकडे चांगलीच संशयाने बघत राहिली. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला, चावला, गिळला. पाण्याला हात लावावा लागला नाही. तिचा घास खाली उतरला, आणि मग मी माझा उचलला.